एक वार, दोन वार, कपिलधार!

आठ मालक, १२० खेळाडू आणि १५ सेकंदांचं घड्याळ. ऑफिसच्या क्रिकेट लीगमधलं भांडण मिटवायला बालाघाटाच्या दरीत उतरलेल्या एका ग्रुपची ही ट्रिप...

‘बीडमध्ये धबधबा? काहीही हं!’ कॅन्टीनमध्ये कपिलधारचं नाव काढलं की पहिली रिअॅक्शन हमखास हीच येते. बीड म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, ऊसतोड कामगार आठवतात, न्यूज चॅनलवरचं राजकारण आठवतं. पाणी काही आठवत नाही. आपला पावसाळी वीकएंड म्हणजे लोणावळा, ताम्हिणी, फार तर माळशेज. तीन तास ट्रॅफिकमध्ये, वीस मिनिटं धबधब्याखाली आणि उरलेला वेळ पार्किंग शोधण्यात!

तर मंडळी, या वेळी नकाशा जरा पूर्वेकडे सरकवा. पुण्याहून अहिल्यानगर, तिथून कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याला या. तिथून अगदी जवळ, डोंगराच्या कुशीत कपिलधार आहे. वरून कोसळणारी पाण्याची धार आणि जवळच संत मन्मथस्वामींची समाधी. गर्दी आहे, पण ती भाविकांची. स्पीकरवर डीजे नाही आणि मक्याच्या कणसांच्या चाळीस गाड्याही नाहीत.

खरं सांगायचं तर आम्ही धबधबा बघायला गेलोच नव्हतो. आम्ही गेलो होतो नियम करायला.

कसली लीग, कसला लिलाव?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या ग्रुपची आयपीएलवर एक प्रायव्हेट लीग आहे. आठ मालक, प्रत्येकाची पंधरा खेळाडूंची टीम. खेळाडू खरे, त्यांचे रन आणि विकेट खऱ्या, पैसे मात्र खोटे. प्रत्येकाला कागदावर १०० कोटी मिळतात आणि सीझनच्या आधी आम्ही आपसात लिलाव करतो. एक खेळाडू एकाच टीमकडे, त्यामुळे बुमराह माझ्याकडे आला की बाकी सातजण हात चोळत बसणार. (खरा पैसा यात कधीच नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आमच्या लीगला काडीचाही फरक पडला नाही. हरणारा वर्षभर टपरीवरचा चहा पाजतो, एवढाच आमचा जुगार!)

हा फंडा मुळात अमेरिकेतला, तोही बेसबॉलमधला. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकाने न्यूयॉर्कमध्ये मित्रांना जमवून पहिला लिलाव केला. ही मंडळी ज्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमायची त्याच्या नावावरून लीगचं नाव पडलं ‘रोटिसरी लीग’. पुढे त्या खेळात एक माप रूढ झालं : प्रत्येकाकडे २६० डॉलर आणि त्यात २३ खेळाडू. आजही अमेरिकेत लाखो लोक हेच करतात. ड्राफ्टमध्ये आपली पाळी येईपर्यंत आवडता खेळाडू जाऊ शकतो, लिलावात मात्र प्रत्येक नावावर प्रत्येकाला बोलता येतं. म्हणूनच अनेकांना लिलाव जास्त आवडतो.

पण ‘प्रत्येकाला बोलता येतं’ हे कागदावर. प्रत्यक्षात कोणाला बोलता येणार हे ठरवतं घड्याळ.

१५ सेकंदांचा घोळ

आमचे आठजण एकेकाळी हिंजवडीत एकाच मजल्यावर बसायचे. आता? एकजण न्यू जर्सीत. एकाची कायमची नाइट शिफ्ट. एकजण सेल्समध्ये, त्याचं अर्धं आयुष्य हायवेवर. एकीला सहा महिन्यांचं बाळ. एकजण लॉकडाउनमध्ये आई-वडिलांकडे बीडला गेला तो तिथलाच झाला, त्याला आम्ही ‘बीडकर’ म्हणतो. शिवाय एक टेस्टर, ज्याला देवळाच्या पाटीतही बग दिसतो. एक सीए, ज्याला सगळे ‘एक्सेल’ म्हणतात. आणि लीगमध्ये कायम पाचव्या नंबरवर येणारी मी.

गेल्या सीझनचा लिलाव एक्सेलने डिझाइन केला होता. रविवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल, शेवटच्या बोलीनंतर १५ सेकंद आणि खेळाडू विकला! ऐकायला भन्नाट. प्रत्यक्षात १२० खेळाडूंना साडेचार तास लागले. म्हणजे एका नावाला सव्वादोन मिनिटं, वाईट नाही. पण साडेचार तास कोण बसणार? चाळिसाव्या नावाच्या आसपास बाळ उठलं आणि आमची ‘आई’ गेली. तिची उरलेली टीम कॉम्प्युटरने भरली. नाइट शिफ्टवाला लॉगिनची वेळ झाली म्हणून उठला. सेल्सवाल्याने एका हाताने बोली लावत गाडी चालवली, हे तर आम्हाला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला.

बीडकरची गंमत वेगळीच. एका ऑलराउंडरसाठी त्याची न्यू जर्सीवाल्याशी जुंपली होती. ऐन रंगात त्याचा चेहरा स्क्रीनवर गोठला. तोंड उघडं, बोट वर, आवाज नाही. पंधरा सेकंद संपले, खेळाडू गेला न्यू जर्सीला. वीस सेकंदांनी बीडकर परत आला आणि त्याने पुढची बोली लावली. आम्ही हसलो. तो हसला नाही. पुढे दोन महिने त्याने ग्रुपवर एक स्मायलीसुद्धा टाकला नाही.

भांडण ताजं असताना नियम करू नयेत. ते थंड झाल्यावर, म्हणजे सीझन संपून पावसाळा लागल्यावर बीडकरचा एकच मेसेज आला : ‘नियम बदलायचेत ना? मग माझ्याकडे या. इथे बसून पंधरा सेकंद मोजून दाखवा.’

पवनचक्क्यांच्या रस्त्याने

पहाटे पाचला पुणे सोडलं. नगरपर्यंतचा रस्ता तुम्हाला पाठ असेल. खरी मजा त्याच्यापुढे. कड्याच्या आसपास कांद्याने भरलेले ट्रॅक्टर लागतात, इथला कांद्याचा बाजार मोठा. जामखेड ओलांडलं की सौताडा येतं. खोल दरी, विंचरणा नदीचा धबधबा आणि खाली रामेश्वराचं मंदिर. इथे अर्धा तास काढाच. पाटोद्यानंतर मात्र गाडीतली गाणी आपोआप बंद झाली. दोन्ही बाजूंना हिरवा माळ, त्यावर ढगांच्या सावल्या आणि पवनचक्क्या. त्यांचं पातं इतकं निवांत फिरतं, की सेल्सवालासुद्धा म्हणाला, ‘यार, यांना टार्गेट नसतं का?’

मांजरसुंबा म्हणजे चौफुला. एका बाजूला बीड, दुसरीकडे धाराशिव-सोलापूर, तिसरीकडे केज-अंबाजोगाई आणि चौथीकडे आम्ही आलो तो रस्ता. बीडकर तिथे एका हॉटेलसमोर उभा होता, बरोबर त्याचे काका. काकांचं वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर पांढरी टोपी. आयुष्यभर बाजार समितीत लिलाव पुकारण्याचं काम केलेला माणूस. ‘हे आपले नवीन ऑक्शनियर,’ बीडकर म्हणाला. आम्हाला जोक वाटला.

चहा झाला. (रबडीही झाली. दोनदा झाली.) एक्सेलने टेबलावरच लॅपटॉप उघडला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘कामून एवढी घाई करूलालाव, पोराहो? आधी दर्शन, मग लिलाव.’

दरीत उतरलो आणि रेंज गेली

कपिलधारचा फाटा घेतला की रस्ता डोंगरात शिरतो. उतार लागतो, झाडी दाट होते. सीताफळाची झाडं दिसायला लागतात. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ प्रसिद्धच आहे, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आणि मग पाण्याचा आवाज येतो. आधी आवाज, नंतर धबधबा. पावसाळ्यात कड्यावरून पडणारी ती धार बघताना ‘बीडमध्ये पाणी?’ हा प्रश्न विचारायची लाज वाटते. उन्हाळ्यात हीच धार आटते, हेही खरं. म्हणून इथली माणसं पाण्याकडे आपल्यापेक्षा वेगळ्या नजरेने बघतात. धबधब्यासमोर सेल्फी काढणारे होते, तसे हात जोडणारेही होते.

मन्मथस्वामी हे वीरशैव लिंगायत परंपरेतले मोठे मराठी संतकवी. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठवाड्याच्या गावागावात आजही पारायणाला लावतात. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. लातूर, नांदेड, परभणीकडून आणि शेजारच्या कर्नाटक, तेलंगणातूनही भाविक येतात. कित्येक दिंड्या पायी चालत येतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रा नव्हती. समाधीवर बेल वाहिलेला, दगडी गारवा आणि बाहेर पाण्याचा एकसारखा आवाज. पाच मिनिटं कोणीच काही बोललं नाही. आमच्या ग्रुपसाठी हा रेकॉर्ड आहे!

बाहेर आल्यावर टेस्टरने खिशातून मोबाइल काढला. ‘रेंज नाहीये.’ मग एकेकाने काढला. कोणालाच नव्हती. बीडकर शांतपणे म्हणाला, ‘चला, मोजा आता पंधरा सेकंद.’

एक्सेलचा चेहरा बघण्यासारखा होता.

घाईचा माल कोणाचा?

मंदिरापासून लांब, एका झाडाखाली आम्ही बसलो. देवाच्या दारात बोली नको, हा काकांचा पहिला नियम. मग त्यांना विचारलं, ‘काका, तुमच्या बाजारात एका ढिगाला किती वेळ लागायचा?’

‘कधी दहा सेकंद, कधी पाच मिन्टं,’ काका म्हणाले. ‘पण चालायचे सगळे संगट. मी, व्यापारी, शेतकरी. ह्या ढिगाहून त्या ढिगाला. कोणी मागं राहिला तर मी पुकारायचो नाही. घाई केली की माल मोठ्या आवाजवाल्याचा होतो.’

बाजार समितीतल्या उघड लिलावात अजून एक गोष्ट असते. सगळ्यात वरची बोली लागली तरी भाव पटला नाही, तर शेतकरी ‘नाही’ म्हणू शकतो. माल त्याचाच राहतो. आणि ‘उघड’ या शब्दाला इतिहास आहे. पूर्वी बाजारात हत्ता पद्धत चालायची. रुमालाखाली व्यापारी आणि अडत्या एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, त्या शेतकऱ्याला बाजूला उभं राहून काही कळायचं नाही. ही पद्धत बंद करून भाव मोठ्याने पुकारायची सक्ती झाली. म्हणजे लिलावाचे नियम किंमत वाढवण्यासाठी नसतातच फक्त, सगळ्यांना ऐकू यावं यासाठीही असतात.

‘पण आयपीएलमध्ये तर फटाफट होतं,’ सेल्सवाला म्हणाला. होतं का खरंच? आठवून बघा. पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत झाला, रिचर्ड मॅडली हातोडा घेऊन उभे होते आणि धोनी १५ लाख डॉलरला चेन्नईकडे गेला. २०१० मध्ये कायरन पोलार्डवर चार टीम कमाल रकमेला, साडेसात लाख डॉलरला, येऊन थांबल्या. मग बंद पाकिटातल्या आकड्यावर निकाल लागला आणि तो मुंबईला मिळाला. १२ फेब्रुवारी २०२२ ला बेंगळुरूत लिलाव चालू असताना ह्यू एडमीड्स कोसळले. सगळं थांबलं. चारू शर्मांनी येऊन पुढचा लिलाव चालवला आणि दुसऱ्या दिवशी शेवटी एडमीड्स परत आले तेव्हा सगळा हॉल उभा राहिला.

आणि नोव्हेंबर २०२४ मधला जेद्दाचा मेगा लिलाव? मूळच्या मुंबईतल्या कला-लिलावांमधून आलेल्या मल्लिका सागर तिथे पुकारत होत्या. यादीत ५७७ नावं, दोन दिवस. पहिली ११६ नावं एकेक करून घेतली आणि त्यापुढे ‘अॅक्सिलरेटेड’ फेरी, म्हणजे टीमनी ज्यांची नावं दिली तेवढेच खेळाडू पुढे. शेवटी १८२ विकले गेले. ऋषभ पंतची बोली २०.७५ कोटींवर थांबली, दिल्लीने त्याला परत घ्यायचं कार्ड काढलं, मग लखनौला एकदाच शेवटचा आकडा सांगायची संधी मिळाली. त्यांनी सरळ २७ कोटी सांगितले, दिल्लीने हात टेकले.

नीट बघितलं तर तिथेही एकच वेग नाही. मोठ्या नावांना वेळ, लहान नावांना घाई, मध्ये जेवणाची सुट्टी आणि फायनल आकड्याआधी विचाराला जागा. आमच्याकडे मात्र कोहलीला आणि कोणी न ऐकलेल्या तिसऱ्या विकेटकीपरला एकच माप : १५ सेकंद!

मुक्कामाचा फंडा

इथे काकांनी जी गोष्ट सांगितली तिच्यामुळे सगळा विषयच फिरला. तरुणपणी ते लातूरकडून येणाऱ्या एका दिंडीबरोबर कपिलधारला चालत आले होते. ‘दिंडीत सगळे सारखे चालतेत व्हय?’ ते म्हणाले. ‘पोरं पुढं पळतेत. म्हाताऱ्या मागं राहतेत. कोणाच्या पायाला फोड येतो. पण मुक्काम ठरलेला असतो. रात्री सगळे एका जागी. मोजदाद होती, मगच सकाळी निघायचं.’

म्हणजे सगळ्यांना एकाच वेगाने पळवायचं नाही. आणि सगळ्यात हळू असणाऱ्यासाठी दिवसभर थांबायचंही नाही. ठरलेल्या मुक्कामाला मात्र सगळे एकत्र आले पाहिजेत.

‘ओके,’ एक्सेल म्हणाला आणि त्याने लॅपटॉप चक्क बंद करून कागद मागितला. तिथून पुढे दोन तास जे झालं ते आमच्या कुठल्याही ऑफिस मीटिंगपेक्षा भारी होतं. वाद झाले, पण मुद्द्यावर. नियम तयार झाले ते असे :

१. मोठी नावं लाइव्ह, बाकी निवांत. पहिले ४० खेळाडू दोन संध्याकाळी, रोज २०. एक बैठक जास्तीत जास्त ६० मिनिटं. वेळ संपली की उरलेली नावं पुढे, म्हणजे निवांत फेरीत. साडेचार तासांची शिक्षा रद्द!

२. तीन वार. लाइव्हमध्ये शेवटच्या बोलीनंतर ‘एक वार... दोन वार... तीन वार’, प्रत्येक वाराला १० सेकंद. नवी बोली आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

३. गोठलेला चेहरा नियम. बोलीत असलेल्याचा कॉल तुटला तर तो खेळाडू बाजूला ठेवायचा आणि बैठकीच्या शेवटी, जिथे बोली थांबली तिथूनच पुन्हा घ्यायचा. एका बैठकीत एका मालकाला असं एकदाच. (‘एकदाच’ हे टेस्टरने घातलं. हरायला लागलं की मुद्दाम वायफाय बंद करणारे निघतील, म्हणे. बरोबरच आहे.)

४. निवांत फेरी. उरलेले ८० खेळाडू ग्रुपवर, मेसेजने. एका मालकाने एका वेळी एकच नाव काढायचं, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त आठ खेळाडू खुले. सगळ्यांत वरची बोली तुमची असेल तर तेवढे पैसे तुमच्या पर्समधून अडकले, असं धरायचं.

५. बारा जागे तास. शेवटच्या बोलीनंतर १२ तास कोणी बोललं नाही तर खेळाडू विकला. पण घड्याळ फक्त सकाळी ७ ते रात्री ११ चालणार. संध्याकाळी पाचला बोली लागली तर रात्री अकरापर्यंत सहा तास, मग घड्याळ झोपणार, आणि उरलेले सहा तास संपणार दुसऱ्या दिवशी दुपारी एकला.

यावर सगळ्यात जास्त खडाजंगी झाली. एक्सेलला चार तास हवे होते, सेल्सवाल्याला २४. मग गणित मांडलं. ८० खेळाडू, एका वेळी आठ, म्हणजे दहा फेऱ्या. बारा तासांनी एक फेरी साधारण दीड दिवस खाते, म्हणजे पंधरा दिवस. चोवीस तास ठेवले तर महिना उलटला असता आणि आयपीएल सुरू झाली असती. चार तास ठेवले तर नाइट शिफ्टवाला झोपेत असताना सकाळी सातला काढलेला खेळाडू अकराला विकला गेला असता. बारा तासांत मात्र तो दुपारी उठतो, न्यू जर्सीवाल्याला त्याची सकाळ किंवा संध्याकाळ मिळतेच, सेल्सवाल्याला तीन चहाचे ब्रेक मिळतात, बीडकर रेंज शोधत गच्चीवर जाऊन येतो आणि बाळ बारा तासांत एकदा तरी झोपतं. (झोपतं ना? तिच्या उत्तराची वाट बघतोय.)

६. मोठा आकडा, मोठी पायरी. ५ कोटींपर्यंत २५ लाखांनी वाढ, ५ ते १० कोटींत ५० लाखांनी, त्यापुढे एक कोटीने. खऱ्या लिलावातही किंमत चढते तशी पायरी मोठी होत जाते. नाहीतर दोन हट्टी माणसं पाच-पाच लाखांनी एकच खेळाडू आठवडाभर लटकवत ठेवतील.

७. शेवटच्या जागेचे पैसे राखून. बेस प्राइस ५० लाख. समजा तुमच्याकडे २० कोटी उरलेत आणि पाच जागा रिकाम्या आहेत, तर चार जागांचे दोन कोटी बाजूला, म्हणजे तुमची कमाल बोली १८ कोटी. त्यामुळे कोणाची टीम अर्धी राहणार नाही आणि कोणाला शेवटी रडायला जागा उरणार नाही.

८. चिठ्ठी. ज्याला बैठकीला येता येणार नाही त्याने आपला कमाल आकडा आधी पुकारणाऱ्याकडे द्यायचा. पुकारणारा त्याच्या वतीने एकेक पायरी चढणार, त्या आकड्यापर्यंत. त्याआधी खेळाडू स्वस्तात मिळाला तर स्वस्तात.

चिठ्ठीवर टेस्टरने लगेच बोट ठेवलं, ‘हे रुमालाखालचंच झालं की! सगळ्यांचे आकडे ज्याला माहीत, तो मालक असून कसा चालेल?’ सगळ्यांनी एकदम काकांकडे पाहिलं. काकांची टीम नाही, त्यांना स्कोअरशी देणंघेणं नाही आणि ४० वर्षं त्यांनी हेच काम केलंय. बीडकर म्हणाला ते जोक नव्हताच!

९. नियम बदलायचा तर आठही जणांचा होकार हवा, आणि पहिलं नाव पुकारल्यानंतर काहीही बदलायचं नाही.

ट्रायल रन, काकांच्या आवाजात

नियम कागदावर सगळेच छान दिसतात. म्हणून परत वर आलो, रेंज पकडली आणि मांजरसुंब्याच्या त्याच हॉटेलबाहेर दहा नावांची ट्रायल घेतली. बाळाची आई पुण्याहून कॉलवर. न्यू जर्सीत तेव्हा पहाट होती, त्यामुळे त्याची फक्त चिठ्ठी. ती रात्रीच मेसेजने आलेली होती, काकांनी ती बीडकरकडून कागदावर उतरवून घेतली आणि टोपीत ठेवली!

‘ऋतुराज गायकवाड! बोला...’ काकांचा आवाज हायवेच्या ट्रकवर चढला. पुणेकरांनी अर्थातच उडी मारली. शेजारच्या टेबलावरचे दोघं खाणं थांबवून बघायला लागले. त्यातला एकजण म्हणाला, ‘आमच्या गावात पण टेनिस बॉलच्या स्पर्धेला असाच लिलाव व्हतो, फक्त तिथं खेळाडू समोर बसलेला असतो.’ विचार करा, तुमची किंमत पुकारली जातेय आणि तुम्ही तिथेच मांडी घालून बसलाय!

सहाव्या नावाला पुण्यात बाळ रडलं. ‘मी आलेच,’ म्हणून स्क्रीन रिकामी. गेल्या वेळी इथेच तिचा सीझन संपला होता. या वेळी तिने त्या नावाचा आकडा आधीच पाठवून ठेवला होता. काका पायरी-पायरीने चढले, एक्सेल आठ कोटींना थांबला, ‘एक वार... दोन वार... तीन वार!’ खेळाडू तिचा. ती बाळाला खांद्यावर घेऊन परत आली तेव्हा तिला कळलं. तिची किंकाळी अख्ख्या हॉटेलने ऐकली.

आणि नवव्या नावाला बीडकरचा मोबाइल घेऊन आम्ही मुद्दाम फ्लाइट मोडवर टाकला. काकांनी नाव बाजूला ठेवलं, शेवटी परत घेतलं, बोली जिथे थांबली होती तिथून. दहा नावं, २४ मिनिटं. म्हणजे २० नावांना ४८ मिनिटं, एका तासाच्या आत. एक्सेलने मनातल्या मनात गुणाकार केलेला आम्ही पाहिला.

त्या रात्री परतीच्या वाटेवर ग्रुपवर बीडकरचा एक मेसेज आला. फक्त एक स्मायली. दोन महिन्यांचा थकलेला हप्ता जमा झाला म्हणायचा.

तुमच्याही ग्रुपमध्ये असा कोणी असेल, जो हल्ली ‘बिझी आहे रे’ म्हणून प्रत्येक गोष्टीतून गळतोय. तो खरंच बिझी असतो की आपण प्लॅनच आपल्या घड्याळाने लावतो, हे एकदा बघा. नियम फार मोठे लागत नाहीत. मुक्काम कुठे आणि किती वाजता, एवढं सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं.

कपिलधारला जाताय?

कसं जाल : पुण्याहून अहिल्यानगर-आष्टी-जामखेड-पाटोदा-मांजरसुंबा या मार्गाने गाडीने पाच-सहा तास. बीडपासून कपिलधार साधारण २० किलोमीटर. १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर ते बीड रेल्वेही सुरू झालीय, बीडहून पुढे रस्त्याने.

कधी जाल : धबधब्यासाठी जुलै ते सप्टेंबर. यात्रा अनुभवायची असेल तर कार्तिक पौर्णिमा, पण तेव्हा गर्दीची तयारी ठेवा. उन्हाळ्यात पाण्याची अपेक्षा नको.

आणखी काय बघाल : वाटेत सौताड्याचा धबधबा, पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य, बीड शहरात कंकालेश्वर मंदिर आणि शहराजवळची जुनी खजाना विहीर.

काय खाल : ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मांजरसुंब्याला रबडी. सप्टेंबरनंतर रस्त्याकाठी सीताफळं.

लक्षात ठेवा : हे आधी देवस्थान आहे, मग पिकनिक स्पॉट. धबधब्याजवळ दगड निसरडे असतात, पाणी वाढलं असेल तर लांबूनच बघा. प्लॅस्टिक परत घेऊन या. आणि दरीत रेंज गेली तर वैतागू नका. घड्याळ तेवढा वेळ थांबलंय असं समजा!